त्रेचाळिसावा नको!

रविवारी रात्री साडेदहाला तुम्ही काय करता? सोमवारच्या सबमिशनचं टेन्शन घेऊन रील्स बघत असाल बहुतेक. मी कानात इअरफोन घालून, लॅपटॉपचा ब्राइटनेस कमी करून क्लीव्हलँड ब्राऊन्सला हरताना बघते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा दुपारचा एक वाजलेला असतो. नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं तासभर मागे गेली की आपल्याकडे साडेअकरा. घरच्यांना वाटतं मी प्रोजेक्ट करतेय. आई हे पान दर आठवड्याला वाचते, त्यामुळे आजपासून ती सोय गेली.

ब्राऊन्सचा सीझन ४ जानेवारीला संपला. १७ सामने, ५ विजय, १२ पराभव. दुसऱ्याच दिवशी कोच केविन स्टेफान्स्कीला नारळ मिळाला. मग नवा कोच शोधणं सुरू झालं आणि त्याबरोबर तो जुना प्रश्न पुन्हा आलाय, पुढचा क्वार्टरबॅक कोण? हा प्रश्न ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. का ते सांगते, पण त्याआधी दोन मिनिटं खेळ समजून घ्या.

अमेरिकन फुटबॉलचं आपल्या फुटबॉलशी नातं फक्त नावापुरतं. अंडाकृती चेंडू, एका बाजूचे ११ जण. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांना. जवळपास प्रत्येक प्रयत्न सुरू होतो तो चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येऊन. तिथून त्याच्याकडे दोन-तीन सेकंद असतात. समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे बाप्ये त्याला आडवा करायला धावत येतात. तेवढ्या वेळात कोण मोकळा आहे ते बघायचं, ठरवायचं आणि फेकायचं. आपल्या कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीममधला सेटर आठवा. चेंडू त्याच्याकडूनच जाणार, तो गडबडला की बाकीचे पाच जण कितीही उंच उड्या मारोत. क्वार्टरबॅक म्हणजे तसा सेटर, फक्त नेटच्या पलीकडची माणसं इथे अंगावर येतात. आणि त्या माणसांना अडवायचं काम असतं ऑफेन्सिव्ह लाइनच्या पाच जणांचं. ही लाइन लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ब्राऊन्स. १९९५चा सीझन झाल्यावर मालकाने अख्खी टीम उचलून बाल्टिमोरला नेली. शहर भांडलं आणि नाव, रंग, इतिहास एवढं आपल्याकडे ठेवून घेतलं. १९९९मध्ये त्याच नावाने नवी टीम उभी राहिली. बाल्टिमोरला गेलेल्यांनी पुढे दोन सुपर बोल जिंकल्या. ब्राऊन्स आजवर एकही सुपर बोल खेळलेले नाहीत. आमचं शेवटचं विजेतेपद १९६४चं, म्हणजे सुपर बोल नावाचा प्रकार सुरू व्हायच्याही आधीचं.

१९९९पासून आत्तापर्यंत सीझन झाले २७. या २७ सीझनमध्ये ब्राऊन्सकडून सामन्याची सुरुवात करणारे क्वार्टरबॅक किती? बेचाळीस. क्लीव्हलँडमध्ये एका जाहिरात एजन्सीच्या खिडकीत टिम काऊचची जर्सी लावलेली असायची. काऊच हा १९९९च्या सीझनमधला. नवा क्वार्टरबॅक आला की आधीच्याचं नाव खोडून खाली नव्याच्या नावाची पट्टी चिकटवायची. नावं इतकी लांबली की ती पाठीवरून खाली उतरली. शेवटी २०१६मध्ये ती जर्सीच निवृत्त केली.

माझा मावसभाऊ २०१७मध्ये एमएस करायला क्लीव्हलँडला गेला. म्हणजे बघा, गेला तोही मुहूर्त साधून. त्या वर्षी ब्राऊन्स १६ पैकी १६ सामने हरले. जानेवारीच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत फॅन्सनी स्टेडियमभोवती मिरवणूक काढली. गोल फिरून शून्याचा आकार केला आणि त्यातच गरजूंच्या अन्नासाठी मदतही गोळा केली. दादा त्यात चालला होता. फोटो पाठवून म्हणाला, 'इथल्या लोकांचं डोकं फिरलंय, मला जाम आवडलेत.' मी तेव्हा नववीत. हरण्याची वरात काढणारी माणसं मी तोवर पाहिली नव्हती.

पुढच्या सप्टेंबरमध्ये मी दहावीत. शुक्रवारी सकाळी सहाच्या सुमारास दादाचा फोन, 'मॅच लाव.' ब्राऊन्स ०-१४ने मागे होते, त्यात त्यांचा क्वार्टरबॅक दुखापतीने बाहेर गेला आणि बेकर मेफिल्ड नावाचा नवखा पोरगा आत आला. सामना २१-१७ने जिंकला. ६३५ दिवसांनी पहिला विजय. शहरातल्या बारमध्ये एका बिअर कंपनीने कुलूप लावलेले फ्रिज ठेवले होते, ब्राऊन्स जिंकले की कुलूप उघडणार म्हणून. ते त्या रात्री उघडले. माझा सकाळचा क्लास बुडला, आणि तेव्हापासून मी अडकले ती अडकलेच.

मेफिल्डची गोष्ट नीट ऐका, कारण माझा सगळा राग तिथून सुरू होतो. पहिल्याच वर्षी त्याने २७ टचडाऊन पास टाकले, तेव्हा तो नवख्या क्वार्टरबॅकचा विक्रम होता. ज्या कोचच्या हाताखाली तो आला त्याला त्याच सीझनमध्ये अर्ध्यावर काढलं. उरलेल्या सीझनला दुसरा, २०१९ला तिसरा, २०२०ला चौथा. तीन वर्षांत चार हेड कोच. दर वर्षी नवा माणूस, नवी पद्धत, नवी परिभाषा. तुमच्या डिपार्टमेंटला दर सेमिस्टरला नवा एचओडी आणि नवा सिलॅबस आला तर तुमचं काय होईल?

तरी चौथ्या कोचबरोबर जमलं. हाच तो स्टेफान्स्की. २०२०मध्ये ११ विजय, मग प्लेऑफमध्ये पिट्सबर्गला त्यांच्याच घरी ४८-३७ने हरवलं. १९९४च्या सीझननंतरचा तो पहिला प्लेऑफ विजय. पुढच्या वर्षी दुसऱ्याच सामन्यात मेफिल्डचा डावा खांदा गेला. तो तसाच पट्टा बांधून खेळला, वाईट खेळला, टीम ८-९वर आली. आणि मॅनेजमेंटने ठरवलं की आपल्याला 'मोठा' माणूस पाहिजे.

मार्च २०२२. माझी परीक्षा चालू होती. ब्राऊन्सने ह्यूस्टनकडून डिशॉन वॉटसनला घेतलं. बदल्यात ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या तीन वर्षांच्या तीन निवडी, वर आणखी काही. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजमधल्या खेळाडूंना टीम्सनी आळीपाळीने निवडायचं. आयपीएल ऑक्शनसारखं, पण इथे पैशाची बोली लागत नाही, नंबर लागतो. पहिल्या फेरीतली निवड म्हणजे सोनं. आणि वॉटसनला करार काय दिला, तर पाच वर्षांचे २३ कोटी डॉलर, पूर्ण गॅरंटीड. खेळो, न खेळो, पैसे पक्के.

गंमत सांगू? २०१७च्या ड्राफ्टमध्ये बारावी निवड ब्राऊन्सकडे होती. त्यांनी ती ह्यूस्टनला विकली. ह्यूस्टनने त्याच निवडीवर वॉटसनला घेतलं. पाच वर्षांनी आम्ही त्यालाच जास्त किमतीला परत आणलं.

पण हा विनोद इथेच थांबतो. वॉटसनवर तेव्हा वीसहून जास्त महिलांनी दिवाणी दावे लावलेले होते. मसाज करणाऱ्या या महिलांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले होते. त्याने ते नाकारले, ग्रँड ज्युरीने फौजदारी आरोप ठेवले नाहीत, बहुतेक दावे पुढे तडजोडीने मिटले. लीगने त्याला ११ सामन्यांसाठी निलंबित केलं आणि ५० लाख डॉलर दंड लावला. हे सगळं लक्षात घेऊनही मला आजपर्यंत कुणी सांगू शकलेलं नाही की, एवढे दावे उभे असताना त्याच माणसाला एवढा पूर्ण गॅरंटीड करार देण्याची घाई कशाला होती. उत्तर मला ठाऊक आहे. तो लांब पास छान टाकायचा.

दादाचं आणि माझं तेव्हा कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणाला, खेळ वेगळा, माणूस वेगळा. मी म्हटलं, तू मुलगी असतास तर हे वाक्य इतक्या सहज बोलला असतास का? त्याने आणलेला नारिंगी-तपकिरी टी-शर्ट मी कपाटात सगळ्यात खाली टाकला. दीड वर्ष एकही सामना पाहिला नाही.

परत कशी आले? जो फ्लॅकोमुळे. २०२३मध्ये वॉटसन सहा सामने खेळून खांद्याच्या दुखापतीने बाहेर गेला. घरी सोफ्यावर बसलेल्या ३८ वर्षांच्या फ्लॅकोला बोलावलं. गडी आला आणि पाचपैकी चार सामने जिंकून टीमला प्लेऑफमध्ये घेऊन गेला. तिथे ह्यूस्टनने आम्हाला ४५-१४ने धुतलं, ते जाऊ द्या. 'कमबॅक प्लेअर ऑफ द इयर' फ्लॅको ठरला. आणि ब्राऊन्सने काय केलं? त्याला जाऊ दिलं, कारण २३ कोटीवाला परत येणार होता.

आता एक गोष्ट कबूल करते. २० ऑक्टोबर २०२४. घरच्या मैदानावर सामना चालू होता, वॉटसन बॉल घेऊन निघाला आणि कुणाचा हात लागायच्या आधीच कोसळला. टाचेचा स्नायुबंध तुटला होता. इअरफोनमध्ये मला प्रेक्षकांतून आनंदाचा ओरडा ऐकू आला. आपलाच खेळाडू जमिनीवर तळमळतोय आणि आपलेच लोक ओरडतायत. सामन्यानंतर माइल्स गॅरेटने त्या लोकांना चांगलंच सुनावलं. मला ते पटलं. पण तो ओरडा ऐकला त्या क्षणी माझ्या मनात काय आलं होतं? 'सुटलो.' आपण एखाद्याच्या दुखापतीवर सुटकेचा श्वास टाकतो, हे मला त्या रात्री स्वतःबद्दल कळलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. टीमने मला हरायला शिकवलं त्याचं काही नाही, रोज मरे त्याला कोण रडे. पण असं वाटायला लावलं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

त्या सीझनला चार जणांनी क्वार्टरबॅक म्हणून सुरुवात केली, ३ सामने जिंकलो, १४ हरलो. तरी सुधारलो का? गेल्या उन्हाळ्यात टीमने फ्लॅकोला परत आणलं, केनी पिकेटला आणलं आणि एकाच ड्राफ्टमध्ये दोन क्वार्टरबॅक घेतले, तिसऱ्या फेरीत डिलन गेब्रिएल, पाचव्या फेरीत शदूर सँडर्स. ऑगस्टपर्यंत पिकेट दुसऱ्या टीमला देऊन टाकला, एक सामनाही न खेळवता. फ्लॅकोने चार सामने खेळले, एक जिंकला, मग त्यालाही ऑक्टोबरमध्ये देऊन टाकलं, तेही आमच्याच गटातल्या सिनसिनाटीला. गेब्रिएलचे सहा सामने, एक विजय. मग त्याच्या डोक्याला मार बसला आणि १६ नोव्हेंबरला मध्यांतरानंतर सँडर्स आत आला. मुख्य खेळाडूंबरोबर त्याचा सराव जवळपास झालेलाच नव्हता. १६ पैकी ४ पास पूर्ण. पुढच्या आठवड्यात त्याला पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळवलं आणि तो जिंकला, २४-१०. शेवटचे सात सामने त्याचे, त्यात तीन विजय. सीझनमधले शेवटचे दोन्ही सामने जिंकले. एक पिट्सबर्गविरुद्ध, दुसरा सिनसिनाटीविरुद्ध. त्याच शेवटच्या सामन्यात गॅरेटने सीझनमधल्या सर्वाधिक सॅकचा, म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडण्याचा विक्रम मोडला. २३ सॅक. लीगमधला सगळ्यात भारी बचावपटू आमच्याकडे आहे आणि आम्ही पाच सामने जिंकतो, यावर मी वेगळा लेख लिहीन.

तर माझं म्हणणं साधं आहे. सँडर्सला पुढचा अख्खा सीझन द्या. सतराच्या सतरा सामने.

तो ग्रेट आहे असं मी म्हणत नाहीये. त्याचे टचडाऊन कमी आणि इंटरसेप्शन जास्त आहेत. चेंडू हातात धरून ठेवायची त्याची खोड तुम्ही एक सामना बघितलात तरी दिसेल. मला तो मैदानाबाहेर जरा जास्तच मिरवतो असंही वाटतं, वडील डीऑन सँडर्स असल्यावर ते ओघाने आलंच. पण पर्याय काय आहे? दादा म्हणतो, यंदा पहिल्या फेरीत दोन निवडी आहेत, घ्या नवा पोरगा. शिवाय वॉटसनचा करार २०२६पर्यंत आहे, पैसे द्यायचेच आहेत तर खेळवा, असंही म्हणणारे आहेत. दादाचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. चुकीच्या माणसावर एक वर्ष घालवलं तर गॅरेटच्या उमेदीतलं एक वर्ष जातं. गॅरेट गेल्या डिसेंबरात तीस वर्षांचा झाला.

पण ही 'नवा आणा' ट्रिक आम्ही आधी कधी केली नाही का? पहिल्या फेरीतली बाविसावी निवड घ्या. २००७मध्ये त्या निवडीवर ब्रेडी क्विन, २०१२मध्ये ब्रँडन वीडन, २०१४मध्ये जॉनी मॅन्झिएल. तिघेही क्वार्टरबॅक, तिघांनाही 'आता हाच तारणार' म्हणून आणलेलं. एकही टिकला नाही. (मीही सध्या बावीसच वर्षांची आहे, आकड्याचा दोष असेल तर कळेलच.)

त्याच ड्राफ्टमधली दुसरी नावं बघा. २००७मध्ये क्विनच्या आधी तिसऱ्या नंबरवर जो थॉमसला घेतलं. ऑफेन्सिव्ह लाइनमधला. ड्राफ्टच्या दिवशी टीव्हीसमोर सूट घालून बसायचं सोडून हा वडिलांबरोबर मासे पकडायला गेला होता. तो सलग १०,३६३ प्ले मैदानावर होता, एकदाही बाहेर न जाता. मागचा क्वार्टरबॅक बदलत राहिला, हा पुढे उभाच. २०२३मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. २०१४मध्ये मॅन्झिएलनंतर दुसऱ्या फेरीत जोएल बिटोनियो आला, तोही लाइनमधलाच. मॅन्झिएल दोन सीझनमध्ये संपला. बिटोनियो शून्य विजयांच्या वर्षातही होता आणि या सीझनमध्येही होता. म्हणजे या टीमला माणसं ओळखता येत नाहीत असं नाही. ज्यांना एकाच जागी शांतपणे काम करू दिलं, ते टिकले. क्वार्टरबॅकच्या बाबतीत मात्र नुसती धरसोड.

आणि ज्यांना सोडलं ते बाहेर जाऊन काय करतात? मेफिल्डला टाम्पा बेमध्ये जागा मिळाली. लागोपाठ दोन वर्षं गटात पहिला, २०२४मध्ये ४१ टचडाऊन पास. तोच माणूस, तोच हात. उलट ग्रीन बे बघा. ॲरन रॉजर्सला तीन वर्षं बाकावर बसवून शिकवलं, मग तो पंधरा सीझन त्यांचा क्वार्टरबॅक होता. त्याच्यामागे आलेल्या जॉर्डन लव्हलाही तीन वर्षं थांबवलं. तिथे पोरं काही वेगळ्या मातीची येत नाहीत.

त्यामुळे नव्या कोचला माझं सांगणं आहे की पहिल्या फेरीतल्या दोन्ही निवडी सँडर्सच्या आसपास खर्च करा. एक लाइनसाठी, एक पास झेलणाऱ्यासाठी. सँडर्सला पहिल्या दिवसापासून मुख्य खेळाडूंबरोबर सराव द्या, जो त्याला मागच्या वर्षी मिळालाच नाही. सहाव्या आठवड्यात तीन इंटरसेप्शन झाले तरी त्याला बाकावर बसवू नका. इतकं करूनही नाही जमलं, तर निदान पुढच्या वर्षी ड्राफ्टला जाताना आपल्याला नक्की काय पाहिजे ते माहीत असेल. आणि वॉटसनला त्याचे उरलेले पैसे द्या, पण हेल्मेट देऊ नका.

तुम्ही विचाराल, तुला काय पडलंय एवढं, तेरा हजार किलोमीटरवरून? माझी रूममेटही विचारते. तिची फॅनगिरी आरसीबीची, त्यामुळे ती फार बोलू शकत नाही, आणि गेल्या वर्षी तिला कप मिळाल्यापासून तर आमच्यात जरा अबोलाच आहे.

दादा मे महिन्यात येतोय. काय आणू म्हणून विचारलं, तर मी जर्सी सांगितली, सँडर्सची. तो हसला. म्हणाला, 'ऑगस्टपर्यंत थांबू या का? तोपर्यंत कोण असेल कोण जाणे, पैसे वाया जातील.' मी म्हटलं, नको, आत्ताच घे.